छाप्याच्या बातमीखाली दोन ओळी छापा

संपादक महोदय,

ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडी या नशेच्या पावडरीचा कारखाना उघडकीस आला, तेव्हा त्या पावडरीने आमच्या घरात शिरून वर्ष झालं होतं. त्या दिवसांत सकाळी पेपर आला की मी तो गादीखाली लपवायची. किती किलो, किती कोटी हे सगळं छापून येत होतं. पोराला घेऊन जायचं कुठं, हे मात्र कुठल्याच बातमीत सापडलं नाही.

मुलगा तेव्हा तेवीस वर्षांचा. दोन-दोन रात्री जागा असायचा. एकदा पहाटे तीनला पाणी प्यायला उठले, तर स्वयंपाकघरात दिवा चालू. मिक्सर पूर्ण खोललेला आणि पेपरवर त्याचे स्क्रू लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत मांडलेले. जबडा सारखा हलत होता. म्हणाला, "आई, यात कुणीतरी माईक बसवलाय." सासूबाईंनी नारळ उतरवून टाकला. तो नशेमुळे झालेला भ्रम होता, हे आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही.

मग एका खासगी केंद्रात २१ दिवस ठेवलं. "बरा झाला, घेऊन जा," म्हणाले. घरी आल्यावर आधी नुसता झोपून असायचा. झोप सरली, पण अंगात उमेदच नाही. आवडीची मिसळ पुढ्यात ठेवली तरी दोन घास खाऊन उठायचा. आमच्या यांनी तोंड सोडलं, "आळशी, फुकट खाऊ." पाचव्या आठवड्यात तो पुन्हा त्या टोळक्यात गेला.

शेवटी सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार डॉक्टरबाईंनी केसपेपरच्या मागे आकृती काढून समजावलं. एमडी म्हणजे मेफेड्रोन. 'आईस' म्हणतात ते मेथॅम्फेटामाईन त्याच्याच जातीचं. आनंद आणि उमेद डोपामाइन नावाच्या ज्या रसायनावर चालते, ते ही नशा मेंदूतून एकदम उपसून काढते. मेथॅम्फेटामाईन सोडलेल्यांच्या मेंदूच्या तपासण्यांत ही झीज भरून यायला वर्षाहून अधिक काळ लागल्याचं दिसलं आहे. आम्ही ज्याला आळस म्हणत होतो, तो आजारच होता. २१ दिवसांत तो कसा जाणार होता?

ब्राऊन शुगर सोडवायला जशी बदली गोळी मिळते, तशी यावर नाही. झोप, भ्रम, उदासी यांवर औषधं देतात. मुख्य उपचार समुपदेशनाचा. त्याच्या जोडीला लघवीची तपासणी स्वच्छ आली की तिथल्या तिथे छोटं बक्षीस. "नशा केली नाही म्हणून बक्षीस?" हे चिडलेच. पण या जातीच्या नशांवर सगळ्यात जास्त गुण याच पद्धतीने येतो, असं डॉक्टरबाईंनी ठामपणे सांगितलं. आम्ही गाडीत शंभराचं पेट्रोल ठरवलं. सलग चार तपासण्या चांगल्या आल्या, तेव्हा मामाने बॅट आणून दिली. मध्ये एकदा घसरला. त्या आठवड्यात पेट्रोल नाही, पण शिव्याही नाहीत. पुढच्या सोमवारी केसपेपरच्या रांगेत तो माझ्या आधी जाऊन उभा होता. आज चौदा महिने झाले.

पोलीस उचलतील या भीतीने आम्ही आठ महिने दवाखान्याची पायरी चढलो नव्हतो. एनडीपीएस या अमली पदार्थांविरोधी कायद्याचं कलम ६४-अ आम्हाला फार उशिरा कळलं. सेवनाच्या किंवा अल्प मालाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी गेला आणि उपचार पूर्ण केले, तर हे कलम त्याला खटल्यापासून संरक्षण देतं. माल विकणाऱ्यांना यात सूट नाही, आणि ती असूही नये.

आपल्याला हात जोडून विनंती, पुढच्या छाप्याच्या बातमीखाली चौकटीत दोन ओळी छापा. एक या कलमाची, दुसरी राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाईनची, क्रमांक १४४४६. तो पेपर गादीखाली सारण्याआधी एखाद्या आईची नजर त्यावर पडेल.

– एक आई, नाशिक