एक्स-रे विभागातल्या दादांना

दादा, सणाच्या रात्री तुमची ड्यूटी होती. दीड वर्षाच्या माझ्या भाचीची लाळ थांबत नव्हती आणि पाण्याचा घोट दिला की ती कळवळून रडत होती. तिनं काय गिळलं, ते कुणीच पाहिलं नव्हतं. फोटोत अन्ननलिकेत गोल सावली दिसली आणि सगळ्यांच्या तोंडून एकच शब्द निघाला, नाणं.

नाणं असतं आणि मुलाला त्रास नसता, तर कधीकधी डॉक्टर काही तास वाट पाहतात. तुम्ही मात्र ती सावली मोठी केलीत, कडेवर बोट ठेवलंत आणि म्हणालात, "ही कड दुहेरी दिसतेय." लगेच बाजूनं दुसरा फोटो काढलात. त्यात एका अंगाला बारीक पायरी होती. नाण्याला अशी पायरी नसते, बटण सेलला, म्हणजे खेळण्यांत घालतात त्या चपट्या गोल बॅटरीला असते. निरोप धाडत न बसता तुम्ही स्वतः धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आलात. दुर्बिणीनं सेल निघाला, तेव्हा त्याची एक बाजू काळी पडली होती.

डॉक्टरांनी नंतर सगळं समजावलं. सेल फुटावा लागत नाही. ओल्या अन्ननलिकेला टेकला की वीज वाहू लागते, तिथं तीव्र अल्कली, म्हणजे जाळणारं रसायन, तयार होतं आणि दोन तासांतही खोल भाजू शकतं. खेळणं चालवायला कमी पडणारा जुना सेलसुद्धा हे करू शकतो. उलटी मुळीच करवायची नाही, काही खाऊ-पिऊ घालायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा. अपवाद एकच, मध. मूल एक वर्षावरचं असेल, गिळता येत असेल आणि सेल गिळून बारा तास उलटले नसतील, तर वाटेत दर १० मिनिटांनी दोन छोटे चमचे. पण मध शोधण्यात वेळ घालवायचा नाही.

सेल आला होता एका लुकलुकणाऱ्या खेळण्यातून. मागचं झाकण स्क्रूशिवाय, नुसतं दाबून बसवलेलं. आता भेट आलेलं प्रत्येक खेळणं आम्ही आधी उलटं करून बघतो. लोहचुंबकाचे मणी असतील तर ते घरात राहत नाहीत, कारण दोन गिळले तर आतड्याला मधे चिमटून भोक पाडतात. पाहुण्यांच्या पर्स आणि पिशव्याही उंच कपाटात जातात. आजी-आजोबांच्या गोळ्या त्यातच असतात, आणि मधुमेहाच्या काही गोळ्या अशा असतात की एकच गोळी लहान मुलाची साखर जिवावर बेतेल इतकी उतरवते. कुणाला हे खटकलं तर मी तुमची गोष्ट सांगते.

दादा, डॉक्टरांचे आभार सगळ्यांनी मानले. तुम्ही तोवर पुढच्या पेशंटला आत घेतलं होतं, म्हणून हे पत्र. ती कड तुम्ही नीट पाहिलीत, म्हणून आमची पोर आज सगळं चावून खाते. तुमचे उपकार आम्ही कधी विसरणार नाही.

तुमची ऋणी,
तिची मावशी