‘ओ बिना एंग?’: बोत्सवानाच्या संस्कृतिमंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
स.न.वि.वि.

इथल्या बकगात्ला जमातीच्या कुळकथा म्हाताऱ्यांच्या तोंडून ध्वनिमुद्रित कराव्यात, या विनंतीसाठी हे पत्र. इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयात वेगळी देत आहे. ही इथल्या मराठी मंडळींसाठी. इतकी वर्षं राजधानी गॅबोरोनमध्ये राहून बकगात्लांच्या मोचुडी गावाला न गेलेले आमच्यात बरेच आहेत.

मागच्या महिन्यात मी मोचुडीची फुथादिकोबो टेकडी चढलो. वर १९२०च्या दशकात इसांग पिलाने कारभारी असताना बकगात्ला लोकांनी स्वतः राबून बांधलेली शाळा आहे. १९७६पासून तिथे संग्रहालय. सावलीत बसलेल्या एका आजींनी नातवाला विचारलं, ‘ओ बिना एंग?’ शब्दशः ‘तू काय नाचतोस?’, म्हणजे तुझं कुलचिन्ह कोणतं. ‘कगाबो’, पोरगं म्हणालं. माकड. पुढचं काही त्याला येईना. मला हसू आलं नाही. आमच्याकडेही लग्नात देवक बसवतात; पण आपलं देवक कोणतं आणि तेच का, हे भटजींनाच विचारावं लागतं.

मग आजीच सुरू झाल्या. १८७०मध्ये ट्रान्सवालचा बोअर (गोरा) सेनापती पॉल क्रूगर याने कगोसी, म्हणजे प्रमुख, कगामान्याने यांना चारचौघांत फटके मारले, तेव्हा आज दक्षिण आफ्रिकेत असलेला पिलानेसबर्गचा मुलूख सोडून लोक गुराढोरांसह इकडे आले. त्याच्याही मागची गोष्ट मोसेत्ला नावाच्या मुलीची: तिच्या हाताखाली राहणार नाही म्हणून कगाफेलाची माणसं, म्हणजे इथल्या बकगात्लांचे पूर्वज, वेगळी निघाली, असं परंपरा सांगते. (मोसेत्लाच्या बाजूचे लोक हे कसं सांगतात, ते ऐकायला मला फार आवडेल.)

युनेस्कोने मोचुडीच्या कगात्लेंग जिल्ह्याची मातीची भांडी घडवण्याची कला २०१२मध्ये आणि दिकोपेलो हे लोकगायन २०१७मध्ये तातडीने जपण्याच्या यादीत घेतलं. चांगलं झालं. पण यादीत नाव लागलं की सत्कार होतात आणि काम तिथंच थांबतं, हा आमचा महाराष्ट्रातला अनुभव. ही कुळकथा तर कुठल्या यादीतही नाही.

विनंती मोठी नाही. मोचुडीच्या कगोत्लात, म्हणजे गावसभेच्या जागी, आणि सीमेपलीकडे पिलानेसबर्गच्या मोरुलेंग गावाला म्हाताऱ्या माणसांचं बोलणं त्यांच्या सेत्स्वाना भाषेतच ध्वनिमुद्रित करा. शाळेतल्या पोरांनाच करू द्या, मोबाइल पुरतो. एक प्रत फुथादिकोबोला, एक मोरुलेंगच्या संग्रहालयात. दोन ठिकाणच्या गोष्टी जुळल्या नाहीत तर दोन्ही ठेवा.

फक्त माणूस लवकर पाठवा. पाऊस लागला की आजी मासिमोला, शेतावर जातात; मग महिनोन्‌महिने गावात नसतात.

आपला,
गॅबोरोनचा एक मराठी रहिवासी