माठावरची जपमाळ

मावशी,

हे पत्र घरी आणून दिलं असतं तर तुम्ही घडी घालून उशाखाली सरकवलं असतं. म्हणून चारचौघांत लिहितेय. नाव घालू नको म्हणालात, नाही घालत.

माझ्या पुस्तकातल्या कॅथलिक पोरीसाठी माहिती विचारत, तुमच्याकडे येण्याआधी मी चार महिने हिंडत होते. एका विद्वानांनी तीन वेळा बोलावलं आणि तिन्ही वेळा मीटिंगला गेले. एकांनी आधी विचारलं, "पण तुम्हाला आमच्यातलं कशाला हवंय?" आणखी एक म्हणाले, गूगल करा. केलं की! पण सोलापुरातली दहा वर्षांची पोर १९५० साली पहिल्या कम्युनियनला, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घ्यायला, कशी गेली असेल, ते गूगलला काय ठाऊक?

तुम्ही मात्र चष्मा पुसलात आणि माझ्या पुस्तकातलं ते प्रकरण पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलंत. त्यातले फादर लोकांकडे तोंड करून मराठीत मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, म्हणत होते. तुम्ही हसलात. ते सगळं कॅथलिक चर्चच्या १९६२ ते ६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतरचं. तुमच्या लहानपणी फादर वेदीकडे तोंड करून, लोकांकडे पाठ. त्यांनी लॅटिनमध्ये "दोमिनुस वोबिस्कुम" म्हटलं की वेदीपाशी सेवेला असलेली पोरं "एत कुम स्पिरितु तुओ" म्हणायची. अर्थ? "आम्हाला कुठं कळत होता! आई आपली रोझरी ओढत बसायची."

मग तुमचं बोट एका ओळीवर थांबलं. मुलगी चर्चला निघताना आई तिला कपभर चहा देते.

"अगं, ही उपाशी पाहिजे की! रात्री बारापासून पाण्याचा थेंबसुद्धा नाही."

पाण्यानं उपास मोडत नाही, हे पोप बारावे पायस यांनी सांगितलं ते १९५३ साली. तुमचं कम्युनियन त्याआधीचं, तेही मे महिन्यातलं. मे महिना, सोलापूर आणि पाणी नाही! मी लिहून घेत होते. तेवढ्यात तुम्ही गुडघ्यावर हात टेकत उठलात, माठावर ताटली पालथी घातलीत, फुलपात्र त्यावर उपडं केलंत आणि गळ्यातली जपमाळ काढून भोवती गुंडाळलीत. झोपेत पोरीनं पाणी पिऊ नये म्हणून तुमची आई असं करायची. माळेचा क्रूस ताटलीवर किणकिणला.

त्या एका आवाजानं माझं प्रकरण उभं राहिलं, मावशी.

आणि लगेच माळ काढून त्याच फुलपात्रात मला पाणी दिलंत. "तू पी. तुझा काही उपास नाही."

मी कोण, कुठली, कुठल्या जातीची, छापून येणार का, यातलं एक अक्षर तुम्ही विचारलं नाहीत. आपल्याजवळचं असं सहज देणारी माणसं अजून आहेत, आणि एका माठामागे बसलेली असतात! ज्यांच्या दारावर पाट्या होत्या त्यांच्याबद्दल आता बोलत नाही. बोलले तेवढं पुरे.

चहा काढलाय. प्रकरण आता रात्रीपासून सुरू होतं, पोर जागी आहे आणि माठ पाझरतोय. रविवारी मिस्सेनंतर घेऊन येते. अक्षर मोठं केलंय, पेन्सिल काढून ठेवा.

तुमची,
चहा पाजणारी लेखिका