जामिनाच्या बातमीत कारणही छापा

संपादक महोदय,

खुनाच्या खटल्यातल्या आरोपीला जामीन मिळाला की दुसऱ्या दिवशी ‘आरोपी मोकाट’ असा मथळा येतो आणि लोक न्यायाधीशांना बोल लावतात. मी सत्र न्यायालयात बेंच क्लार्क होतो. रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला न्यायालयात काय झाले याची नोंद, लिहिण्याचे काम माझे, म्हणून हे लिहावेसे वाटले.

जामीन अर्जावर गुन्हा शाबीत झाला की नाही हे ठरत नसते. सरकारी वकिलांचे म्हणणे दाखल होते, तपासी अंमलदार केस डायरी, म्हणजे तपासाची नोंदवही, घेऊन हजर असतो. प्रथमदर्शनी पुरावा किती आहे, शिक्षा किती होऊ शकते, आरोपी पळून जाईल का, पूर्वीचे गुन्हे आहेत का, हे पाहिले जाते. साक्षीदार आरोपीच्याच आळीतले असतील तर त्यांच्यावर दबाव येईल का, हा मुद्दा मला सर्वांत जड वाटतो. मकोकात, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात, तर आरोपी दोषी नसावा असे मानायला सबळ कारण आहे, अशी न्यायालयाची खात्री व्हावी लागते. फिर्यादी पक्षाचेही ऐकले पाहिजे, हे शेतकऱ्यांना गाडीखाली चिरडल्याच्या लखीमपूर खिरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आणि मंजूर झालेला जामीन रद्द केला.

इतके निकष असूनही गंभीर गुन्ह्यांत जामीन होतो, त्यामागे बऱ्याचदा खटल्याचा विलंब असतो. मुंबईच्या बनावट नोटांच्या प्रकरणात एक आरोपी २०२० पासून आत होता. चार वर्षांत आरोपनिश्चितीही, म्हणजे कोणत्या आरोपांवर खटला चालणार हे न्यायालयाने ठरवणेही, झाली नव्हती आणि सरकार पक्षाला किमान ८० साक्षीदार तपासायचे होते. ३ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला. खटला लवकर चालवता येत नसेल, तर केवळ गुन्हा गंभीर आहे म्हणून सरकारने जामिनाला विरोध करू नये, असे बजावले. मला ते पूर्ण पटते. शिक्षा निकालानंतर व्हावी, निकालाची वाट पाहण्यात नव्हे.

मयताच्या घरच्यांचा संताप मी जवळून पाहिला आहे. एक आई दर तारखेला येऊन बाकावर बसायची. साक्षीदाराचे समन्स बजावणी न होता परत आले, कैदी पार्टी, म्हणजे तुरुंगातून आरोपीला आणणारे पोलीस पथक, मिळाली नाही म्हणून आरोपी हजर नाही, असे रोजनाम्यात लिहिताना तिच्याकडे बघवत नसे. तिच्यावरचा अन्याय तिथे, त्या तारखांत होत होता. त्याची बातमी कधी आली नाही. जामिनाची मात्र आली.

म्हणून विनंती, की जामिनाच्या बातमीत चार गोष्टी द्याव्यात: आरोपी किती काळ कोठडीत होता, दोषारोपपत्र कधी आले, आरोपनिश्चिती झाली का, साक्षीदार किती तपासले. यातली बरीच माहिती ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर प्रकरण क्रमांक टाकला की दिसते. आदेशातली कारणे वाचायला वार्ताहराला फार वेळ लागणार नाही.

– एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, सातारा