आधी गाइड दाखवा!

महोदय,

कालच्या करिअर पुरवणीतला मानसशास्त्रातल्या पीएच.डी.वरचा लेख वाचला. लेखकाची भाषा ओघवती आहे, अभिनंदन. पात्रता, अर्ज, मुलाखत, प्रवेश, सगळे चार ओळींत उरकले आहे. आमच्या घरी ते अजून उरकलेले नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

मी एसटीत वाहक होतो. मुलगी मानसशास्त्रात एम.ए. आहे. तिने नेट, म्हणजे प्राध्यापकी आणि पीएच.डी.साठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, दिली ती जून २०२४ ची, म्हणजे १८ तारखेला झाली आणि १९ ला रद्द झाली तीच. पुन्हा परीक्षा, ऑक्टोबरात निकाल. ती तिसऱ्या गटात बसली, म्हणजे फक्त पीएच.डी. प्रवेशापुरती पात्र. फेलोशिपचे महिना ३७ हजार वरच्या गटाला, त्याबद्दल तक्रार नाही. प्रवेशाला ७० टक्के भार नेटचा आणि ३० टक्के मुलाखतीचा, हे लेखात बरोबर आहे. पण या गटाचे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात, ही ओळ का गाळली? विद्यापीठाची जाहिरात, छाननी, मुलाखत, मग गाइडची, म्हणजे संशोधन मार्गदर्शकांची, यादी. ती लागेपर्यंत वर्ष सरत आले होते.

यादी तरी कसली! नियमाने प्राध्यापकाला ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. ऐकायला भरपूर वाटते. पण निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली की नवा विद्यार्थी घेता येत नाही. जुने लोक तिथे अडकले, नव्यांची भरती रखडलेली, आणि तासिका तत्त्वावर राबणाऱ्यांना गाइड होता येत नाही. रिक्त जागांच्या रकान्यात बहुतेकांपुढे शून्य.

एका सरांकडे जागा होती. मीही सोबत गेलो. मुलीचा विषय रात्रीच्या गाडीवरच्या चालकांची झोप आणि चिडचिड. घरातूनच आलेला, कारण माझ्या ड्युटीच्या गोष्टी ऐकतच ती वाढली. सरांनी सिनॉप्सिसचे, म्हणजे संशोधनाच्या आराखड्याचे, पहिले पान उलटले, दुसरे उलटलेच नाही. म्हणाले, "ड्रायव्हर कुठे शोधत बसणार? कॉलेजची मुलं घे. मोबाइलचं व्यसन आणि आत्मसन्मान. दोनशे फॉर्म एका दुपारी भरून होतात." मला राहवले नाही. म्हणालो, "सर, ड्रायव्हर मी देतो, अख्खा डेपो देतो." त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मुलीला विचारले, "हे कोण?"

महाराष्ट्रातल्या कॉलेजकुमारांचा आत्मसन्मान आजवर इतक्यांदा मोजून झाला असेल, की आता तो थोडा चालकांच्या वाट्याला आला तरी चालेल. मुलीने विषय बदलला नाही. जागा दुसऱ्या कुणाला गेली, नेटच्या गुणांची मुदत संपली आणि पुन्हा फॉर्म भरला. फी अर्थात पुन्हा. 'संधीच संधी' म्हणतात ती हीच असावी.

लेखातली एक चूकही दुरुस्त करावी. पीएच.डी. झाली की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून दवाखाना काढता येतो, असे छापले आहे. नुसत्या पीएच.डी.वर नाही काढता येत. त्याला आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी लागते आणि ती त्यांनी मान्य केलेल्या क्लिनिकल अभ्यासक्रमावर मिळते. हे नातेवाइकांना सांगून दमलो होतो, आता वर्तमानपत्रालाही सांगायची वेळ आली.

जाता जाता, त्याच अंकात छोट्या जाहिरातींच्या पानावर 'सिनॉप्सिस, प्रबंध, शोधनिबंध तयार करून मिळतील, प्लेजरिझम रिपोर्टसह' (म्हणजे मजकूर चोरलेला नाही, या दाखल्यासह) अशी जाहिरात आहे, खाली मोबाइल नंबर. पुरवणीत संशोधनाची थोरवी आणि मागल्या पानावर त्याचे दुकान! जाहिरात विभाग वेगळा असतो, असे उत्तर येणार हे ठाऊक आहे. मग हे पत्र त्यांच्याही टेबलावर ठेवावे, ही विनंती.

– एक पालक, मिरज