बंदराकडच्या रस्त्यासाठी आभार

बंदराकडे उतरणारा आमच्या वाडीचा रस्ता गणपतीआधी गाडी जाण्याजोगा झाला. ज्यांच्यामुळे झाला, त्यांतले निम्मे नाव सांगू देत नाहीत, म्हणून हे आभार बिननावाचेच.

पहिले आभार उतारावरच्या त्या घराचे, ज्यांनी आपला जांभ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, हातभर आत घेतला. हातभर जमीन म्हणजे काय, हे भाऊबंदकीपायी कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या कोकणी माणसाला सांगायला नको! त्या जागेत गटार बसलं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. डांबरावर पाणी साचलं की खाली मुरतं, वरून चाकं गेली की खडी सुटते आणि खड्डा पडतो. आमचा रस्ता दरवर्षी जायचा तो डांबर कमी पडलं म्हणून नव्हे, पाण्याला वाट नव्हती म्हणून. हे एका म्हाताऱ्या गवंड्याने केव्हाच सांगितलं होतं, ऐकलं आत्ता.

मोरीतला गाळ उपसणारी मुलं, पावसात डांबर धरत नाही म्हणून खड्ड्यांत जांभ्याचे तुकडे ठोकून बसवणारे गडी, जाता जाता दोन फेऱ्या जास्त मारून गेलेला रोलरवाला, चहा पुरवणाऱ्या बायका, सगळ्यांचे आभार. पैसे पाठवून ‘पाटी लावू नका’ म्हणणाऱ्या मुंबईकर चाकरमान्यांचेही.

मासळीचा टेम्पो आता थेट बंदरावर उतरतो. डांबरीकरण दिवाळीनंतर. तोवर गटारावर कुणी गाडी लावू नये, एवढी विनंती.