लॅमिंग्टन रोडच्या दादांना, बाबांच्या वतीने

दादा,

नाव लिहू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतंच दादा म्हणते. काल रात्री बाबांनी कॉम्प्युटरवरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये, म्हणजे विमान उडवायच्या खेळात, दिल्ली-मुंबई पूर्ण केली. घाटकोपरवरून २७ नंबरच्या धावपट्टीवर ए३२० विमान उतरवलं आणि चित्र एकदाही अडखळलं नाही. उतरल्यावर मला म्हणाले, "त्या मुलाला कळव."

तुमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात सगळं सांगायला वेळ मिळाला नव्हता. बाबांची अख्खी नोकरी मुंबई विमानतळावर गेली. विमानाला मागे ढकलणारा पुशबॅकचा ट्रॅक्टर ते चालवायचे. विमान सुटं झालं, वैमानिकाने काचेतून हात हलवला, की यांचं काम संपलं. पुढचं सगळं त्यांच्यासाठी कायम वरच राहिलं. निवृत्तीनंतर फ्लाइट सिम्युलेटर हाती आला आणि घरभर चेकलिस्ट लिहिलेल्या वह्या दिसायला लागल्या. आई गेल्यानंतर इतक्या आवडीने त्यांना कशात रमलेलं मी पाहिलं नव्हतं.

पण मुंबई-दिल्लीसारखं दाट शहर आलं की सगळं बिघडायचं. धावपट्टी समोर दिसतेय, नाक उचलायची वेळ झालीय आणि नेमकं तेव्हाच चित्र गोठायचं. पुढचं चित्र येईपर्यंत विमान आपटलेलं असायचं.

तुमच्या आधी ज्यांच्याकडे गेलो त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. एकाने कॅबिनेटचं झाकणही न उघडता नवं ग्राफिक्स कार्ड गळ्यात मारलं. फरक शून्य. परत गेलो तर म्हणे, याच्याहून मोठं घ्या. दुसऱ्याने बाबांच्या देखत मला विचारलं, "गेम यांना हवाय? या वयात?" बाबा गप्प राहिले. लोकलमध्ये म्हणाले, "विकून टाकू या सगळं." त्या माणसाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आणि मग तुम्ही. कॅबिनेट आणि जॉयस्टिक घेऊन आम्ही जिना चढून आलो, मी नेहमीसारखी बोलायला सुरुवात केली आणि तुम्ही मला हाताने थांबवलंत. स्वतःच्या खुर्चीवरून उठलात, ती बाबांकडे सरकवलीत आणि म्हणालात, "काका, तुम्ही उडवा. कुठे अडतं ते मला बघू दे." दुकानात गिऱ्हाईक होतं, फोन वाजत होता. तुम्ही तो उलटा ठेवलात आणि बाबांच्या मागे उभं राहून अख्खं लँडिंग पाहिलंत. चित्र गोठलं तेव्हा तुम्हीच चुकचुकलात. बाबांच्या खांद्यांवरचा ताण तिथेच उतरला. प्रोसेसर, रॅम हे सगळं नंतरचं. माझे आभार त्या खुर्चीसाठी आहेत.

नंतर तुम्ही रिझोल्यूशन, म्हणजे चित्राची बारकाई, निम्म्यावर आणलंत. सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम तेवढ्याच राहिल्या, म्हणजे दोष कार्डाचा नव्हता. काम कुठे अडतंय ते दाखवणाऱ्या सिम्युलेटरच्या डेव्हलपर मोडमध्येही 'मेनथ्रेड', म्हणजे प्रोसेसरवरचं मुख्य काम, असंच दिसत होतं. तुम्ही बाबांना समजावलंत, "काका, स्वयंपाकी एकच आहे, वाढपी कितीही आणा." सिम्युलेटरचं मुख्य गणित प्रोसेसरच्या एकाच कोअरवर अडकतं, ते उरकेपर्यंत कार्ड नुसतं ताटकळत बसतं, हे बाबांना एका वाक्यात कळलं. आम्हाला कार्ड विकणाऱ्याला ते कळत नव्हतं, की सांगायचं नव्हतं?

तुम्ही मदरबोर्डही बदलू दिला नाहीत. जुना रायझन ५ २६०० प्रोसेसर काढून त्याच सॉकेटवर रायझन ७ ५८००एक्स३डी बसेल, फक्त बायोस, म्हणजे मदरबोर्डचं स्वतःचं सॉफ्टवेअर, अपडेट करावा लागेल म्हणालात. त्यात ९६ एमबी एल३ कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच वेगवान मेमरी, आहे आणि सिम्युलेटरला तीच लागते, हेही सांगितलंत. ३२०० वेगाचा रॅम इतके दिवस २१३३ वर चालत होता, तोही एकच पट्टी लावलेला. ती सेटिंग बदलायचे आणि दुसरी पट्टी योग्य खाचेत बसवायचे मजुरीचे पैसे घेतले नाहीत. जुन्या प्रोसेसरची किंमत आम्ही न मागता बिलातून वळती केलीत. टेरेनचा, म्हणजे खालच्या जमिनीचा, तपशील २०० वरून १०० वर आणताना मात्र बाबांना विचारलंत, "लांबच्या इमारती थोड्या साध्या दिसतील, चालेल ना?" त्यांचा सिम्युलेटर, त्यांचा निर्णय. हे कुणाला सुचतं हो?

तुमच्यासारखी माणसं आमच्या बाजूला आधीही भेटलीत. चष्म्याचा नंबर वाढला नाही, जुनीच काच चालेल म्हणून परत पाठवणारा चष्मेवाला, शिलाई उसवली तर उभ्या उभ्या टाके घालून देणारा चांभार. त्यांना आपलं काम येतं आणि समोरच्याचं ऐकूनही घेता येतं. अशांच्या दुकानावर पाट्या मोठ्या नसतात, म्हणून त्यांच्याबद्दल आपणच चार लोकांना सांगायचं असतं. मी सांगत सुटलेय.

बाबांचे दोन निरोप आहेत. एक, तुमच्या मुलाला विमानांची आवड आहे असं तुम्ही बोलता बोलता म्हणाला होतात. त्याला रविवारी अंधेरीला पाठवा, पुशबॅकपासून सगळं शिकवतो म्हणालेत. दुसरा, दिवाळीत फराळ घेऊन ते स्वतः जिना चढून येणार आहेत, तेव्हा डबा परत द्यायची घाई करू नका.

तुमची,
बाबांची मुलगी